ओल्या फडक्याखालची पापलेटं

संप लांबला तशी आईची नजर संशयी झाली. गिरणी बंद, वडील चाळीच्या गॅलरीत बसून, आणि भाऊच्या धक्क्यावरून येणारी कोळीण आमच्या दारात पाटीतून रोज बारकीच पापलेटं काढायची. चांगला माल ती दादरच्या पगारदारांसाठी ओल्या फडक्याखाली लपवते, अशी आईची खात्री होती. मलाही तसंच वाटायचं. संपवाल्यांना तेव्हा सगळेच हलकं ते द्यायचे.

पुढे वडील वॉचमन झाले, पगार सुरू झाला, तरी पापलेटं तळहाताएवढीच. एक दिवस आईनं सरळ फडकं ओढलं. खाली रुपयाएवढी पिल्लं होती. आम्हाला मिळत होती तीच पाटीतली मोठी.

"ही कशाला गं धरता?" आई करवादली.

"आम्ही सोडली तर पुढची बोट धरते, बाय. मग आम्ही काय खायचं?"

"म्हणून पोरंटोरं उचलायची?" आईनं तिला चांगलंच झापलं. तेवढ्यात शेजारीण ताट घेऊन दारात आली आणि पाटीत डोकावू लागली. आईनं घाईघाईनं फडकं परत टाकलं आणि म्हणाली, "सगळी मला दे."