पडद्यावरचं हृदय

माझ्या मानेतली गाठ कॅन्सरची निघाली, आणि केमो सुरू होण्याआधी डॉक्टरांनी हृदयाची तपासणी सांगितली. औषध जहाल असतं, हृदयाला सोसेल का ते बघतात. हृदय धडधाकट असताना ही आणखी एक खेप कशाला, म्हणून मी वाटेभर वडिलांवर, अप्पांवर, चिडचिड करत होतो.

अप्पा जवळच्याच दारासुरम्‌ गावच्या विणकरांकडून रेशमी साड्या घेऊन कुंभकोणमला विकतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर फक्त तमिळ, हा त्यांचा नियम. बाहेर मराठी बोललो की डोळे वटारतात.

तपासणीच्या खोलीत अंधार होता. तिथल्या बाईंनी माझ्या छातीवर गार जेल लावून यंत्र टेकवलं, हलू नकोस म्हणून बजावलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. राखाडी धुक्यात एक इवलीशी झडप उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. माझ्या आजाराची तिला खबरच नव्हती.

अप्पांनी चष्मा लावला. साडीचा काठ पारखताना वाकतात तसे वाकले. मग गाभाऱ्याचा पडदा सरल्यावर इथे सगळे करतात तसं त्यांनी दोन्ही गालांवर हलकेच मारून घेतलं.

“पाहा रे,” ते चक्क मराठीत म्हणाले, “तू जन्मायच्या आधीपासून चालतंय हे.”

एरवी अशा देवभोळेपणावर मी खेकसलो असतो. पण मला हलायची मनाई होती. नाहीतर माझेही हात गालांकडे गेले असते.