बॉनेटवरची हळद

लातुरात तय्यबइतका अस्वस्थ माणूस शोधून सापडायचा नाही. चहा प्यायचा तो उभ्यानं, जेवायचा तो दुकानाच्या दारात. बायको बेगमबी वैतागून म्हणायची, "कबरीत तरी टेकणार का तुम्ही?" हे त्याला भूकंपानं लावून दिलं होतं. तेव्हा मिसरूड फुटलेला तय्यब औशात जीपगाड्या रंगवायचा. किल्लारीकडं सामान नेणाऱ्या एका गाडीत तोही चढला, जे पाहायचं ते पाहून आला, आणि तेव्हापासून छताखाली बूड टेकलं की त्याचे पाय वळवळायला लागायचे.

पुढं लातुरात क्लासेस वाढले, पोरं आली, पोरांच्या मागं मेस आल्या, हॉस्टेलं आली आणि दारोदार नव्या गाड्या लागल्या. तय्यबनं रंगाची बंदूक बाजूला ठेवली आणि फिल्म बसवायला शिकला. गाडीच्या रंगावर चढवायची ही जाड, पारदर्शक फिल्म. ओरखडा बसला तर तिच्यावर बसतो, खालचा रंग शाबूत राहतो. या कामात दुष्मन एकच, धूळ. फिल्मखाली एक कण राहिला तरी फोडासारखा वर दिसतो. आता लातुरात धुळीला काय तोटा? आधीच बेचैन माणूस, त्यात असलं काम, म्हणजे आगीतून फुफाट्यातच की.

त्याच्याकडं एक दिवस जगदेवीअक्का आपली पांढरी गाडी घेऊन आली. अक्का किल्लारीजवळच्या खेड्यातली. नवरा भूकंपात गेला. दिराच्या घरात भाकरी थापत तिनं उमेदीची वर्षं काढली आणि मग लातुरात येऊन पोरांचे डबे सुरू केले. आता क्लासेसच्या गल्लीत तिची भरलेली मेस होती आणि ही गाडी तिच्या स्वतःच्या नावावर होती. चालवायलाही तीच शिकली, केस पिकल्यावर.

"गल्लीत पोरं मोटारसायकली घासत्यात," ती म्हणाली. "माझ्या गाडीला कुणाचं नख लागू नये बघा, तय्यबभाई."

तय्यबनं फिल्म चढवली, मनासारखी बसली. जाताना त्यानं बजावलं, "हप्ताभर धुऊ नका." पण खरं सांगायचं होतं ते वेगळंच. ताजी फिल्म हळद पिते, आणि पिवळा डाग मग जात नाही. पूजा आठवडाभर थांबवा, हे गिऱ्हाइकाला सांगायचं काम नेहमी त्याचा भागीदार मारोती करायचा. नेमका मारोती त्या दिवशी अहमदपूरला लग्नाला गेलेला. वाक्य तय्यबच्या जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं. मुसलमानानं उठून सांगायचं, हळदकुंकू लावू नका? दिवस असे, की गल्लीच्या या टोकाला बोललेलं त्या टोकाला काय होऊन पोचेल याचा नेम नाही. त्यानं वाक्य गिळलं.

गिळलं खरं, पण पचलं नाही. भाजी आणायच्या निमित्तानं तो रोज मेसवरून चक्कर मारायचा. गाडीवर सदा कव्हर. नवी गाडी कुणी अशी झाकून ठेवतं का? घरात दोन-दोनदा भेंडी यायला लागली तेव्हा बेगमबीनं विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना.

आणि एका दुपारी अक्का आली. बॉनेटवर पिवळा पंजा उमटलेला, पाचही बोटं स्वच्छ. आणि त्याच्यावरून कुणीतरी तारेची घासणी दात-ओठ खाऊन फिरवलेली. फिल्म पांढरी पडली होती, एका कडेनं तर सालपटं निघाली होती.

"अक्का, चूक माझी हाय. हळदीचं सांगायचं ऱ्हाऊन गेलं," तो म्हणाला, आणि मग त्यालाच ते सोसवेना. "ऱ्हाऊन न्हाई गेलं. भ्यालो मी. माझ्या तोंडून तुम्हाला कसं वाटलं असतं?"

अक्कानं बॉनेटवरच्या पंजावर बोट ठेवलं. "पंजा माझा हाय," ती म्हणाली. "घासलं माझ्या दिरानं, सिद्धेश्वरनं. म्हणला, रंडक्या बाईचा हात नव्या गाडीला, कुणाचा जीव घेतीस का आता? पोरं जेवत होती, त्यांच्यादेखत घासलं. तवापासनं लाजंनं झाकूनच ठिवली गाडी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "घरातल्या एका लग्नात मला हळदीला हात लावू दिला न्हाई. म्हणलं, गाडी तरी माझी हाय. तुम्ही नको म्हणला असता तर मी ऐकलं असतं, भाई. सगळ्यांचंच ऐकत आले."

तय्यबनं हीटगननं गरम करत फिल्म हळूहळू सोलली. हळद गेली, ओरखडे गेले. खालचा रंग कोरा करकरीत. एरवी अशा वेळी गिऱ्हाईक खूश होतं. अक्कानं त्या कोऱ्या पत्र्यावरून हात फिरवला आणि तिचा चेहराच उतरला.

"काहीच ऱ्हायलं न्हाई की," ती म्हणाली.

तय्यब तरातरा बाहेर गेला. लग्नाहून परतलेल्या मारोतीला वाटलं, गेला पाय मोकळे करायला. तो परतला तो कोपऱ्यावरच्या दुकानातून हळदीकुंकवाच्या पुड्या घेऊन. वाटीत हळद कालवून त्यानं अक्कापुढं धरली.

"लावा. रंगावरच लावा. वाळलं की वरून मी फिल्म चढवतो."

"भाई, तुला एक कण खपत न्हाई," मारोती म्हणाला, "अन् हे?"

"तू गप रे."

अक्कानं आधी दाराकडं बघितलं, कुणी अडवायला येतंय का म्हणून. मग हात बुडवला आणि बॉनेटवर दाबून धरला. नवरा गेल्यापासून कपाळाला कुंकवाऐवजी भस्म लावणाऱ्या त्या बाईनं पंजाच्या मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं.

वाळेपर्यंत तय्यब दुकानात येरझाऱ्या घालत राहिला. मग पाणी कमीत कमी मारून त्यानं फिल्म अंथरली, कडा दाबल्या. पंजाच्या जागी बारीक कण वर आले, फुगवटा राहिला. इतर कुणाच्या गाडीवर हे दिसतं तर त्यानं सगळं उपसून पुन्हा केलं असतं. आज त्यानं त्याला हात लावला नाही.

"घ्या अक्का," तो म्हणाला. "आता येऊ द्या दिराला. घासणी झिजस्तोवर घासू द्या."