चालीची परवानगी

यवतमाळहून घाटंजीची मोटार सुटली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. उद्या दुपारी यवतमाळातच आमच्या नाटक मंडळीचा प्रयोग, आणि आमची नायिका हटून बसलेली. "सोनीबाईची परवानगी आणा, मगच तिसऱ्या अंकातलं पद गाईन."

आमच्या नाटकांची पदं लिहून त्यांना चाली लावणारे मास्तर पावसाळ्यात वारले. ही एक चाल मात्र त्यांनी घाटंजीजवळच्या तांड्यावरच्या (बंजारा वस्तीवरच्या) सोनीबाईकडून घेतलेली. दरसाल हंगामाआधी ते स्वतः तिला विचारून येत. यंदा ते काम ऑर्गनवाल्याच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडलं.

नवं राज्य होऊन वर्ष झालं होतं, रस्ता मात्र जुनाच. वाटेत टायर बसलं. दोन तास गेले, मी ड्रायव्हरवर उगाच खेकसलो. पुढे कपाशीतून कोसभर पायपीट. त्यात वहाणेचा अंगठा तुटला.

सोनीबाई दारात ज्वारी पाखडत होती. "मास्तर काहून नाई आले?"

सांगितलं. सूप तिच्या हातातच राहिलं. मग तिने भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला.

चाल होती ढावलोची (सासरी निघालेली नवरी आईच्या गळ्यात पडून रडत म्हणते ते गाणं).

"तुमच्या नाटकात कसं म्हनते, पाहू."

मी गायलो. तिने मान डोलावली. इथे गप्प बसावं की नाही! पण आम्ही नाटकवाले. फुशारकीने म्हणालो, "लोक वेडे होतात बाई! चार-चार वन्समोअर पडतात, पुन्हा चारदा म्हणावं लागतं."

ती ताडकन उठली. "चारदा? मास्तरनं मले हे कधी सांगतलं नाई! पोरगी मायच्या गळ्यातून एकदाच सुटते. एकदाच म्हना. दुसऱ्यांदा म्हनाल तं माही चाल मले वापस."

मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी पद संपलं आणि मंडप दणाणला, "वन्समोअर!" विंगेतून मालक हातवारे करत होते. नायिकेने माझ्याकडे पाहिलं. मी ऑर्गनचं झाकण लावलं. शिट्ट्या, आरडाओरडा, एक चप्पलही आली. नायिकेने पुढचं वाक्य घेतलं.

मालकांनी मला तिथल्या तिथे काढून टाकलं. घरी परतताना मूर्तिजापूरला जाणाऱ्या छोट्या आगगाडीत बसलो, तेव्हा नोकरीपेक्षा मास्तरांचाच संताप येत होता. दरसाल तिच्या दारी जायचं, परवानगी मागायची, आणि वन्समोअरचं तेवढं पोटात ठेवायचं! ज्यांच्या पायाशी बसून शिकलो त्यांच्यावर असं रागावणं फार जड गेलं. रडू आलं मला. आणि त्यांनी बसवलेली ती चाल तर अशी गोड, की यवतमाळपासून सारखी ओठांवर येत होती. मी तोंड घट्ट मिटून बसलो.