सेंट्रीचं तोंड नदीकडे

आमच्या इंजिनिअर कंपनीची तुकडी संयुक्त सरावासाठी उत्तरेकडच्या एका थंड देशात गेली होती. मी हवालदार होतो. काम होतं एका नदीच्या मुखाची रेकी: रुंदी, खोली आणि तळ किती घट्ट आहे ते मोजायचं, आणि पूल कुठे टाकता येईल ते सांगायचं.

नदी बर्फाच्या डोंगरातून येते. वरच्या अंगाला ती आपल्या गोदावरीएवढीच, पण समुद्राला मिळताना दोन किलोमीटर रुंद होते. भरतीला सगळं पाणी. ओहोटीला मधे एक धार उरते आणि दोन्ही बाजूंना राखाडी गाळ उघडा पडतो. गाळ पिठासारखा बारीक. त्यावरून चालता येतं. एका जागी उभं राहिलं की पाय रुततो आणि सिमेंटसारखा आवळला जातो. भरती-ओहोटीतला फरक सात मीटर. पाणी चार अंश.

यजमान सैन्याचा एक सार्जंट आमच्याबरोबर होता. त्याने आमच्या मेजरसाहेबांना सांगितलं, "लक्ष समुद्राकडे ठेवा. इथे पाणी तिकडून येतं."

साहेबांनी मान हलवली. दुपारी पाहुण्यांसमोर बोटींचं प्रात्यक्षिक होतं. त्याआधी त्यांना आकडे हवे होते.

पहाऱ्याला सेंट्री होता लान्स नाईक संजय आहेर, देवळ्याचा. साहेबांनी त्याला गाळावरच उभं केलं.

"तोंड नदीकडे. वरून बर्फ वाहत आला तर ओरडायचं. जागा सोडायची नाही."

"साहेब, मागं कोण बघणार?"

"मागे समुद्र आहे. तो काय पळत येतोय?"

आहेर माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, हितं दुतोंड्या मारुतीच उभा करायला पाहिजे व्हता."

मी हसलो. गोदाघाटावरच्या त्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं, यावर आम्ही नाशिककर पूर मोजतो. धरणातून पाणी सोडलं की पूर येतो, म्हणजे वरूनच येतो. साहेबही आमच्यासारखेच, समुद्रापासून लांब वाढलेले. पाणी उतारानेच येणार, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

मी दोन जवान घेऊन शंभर मीटरवर खोली मोजत होतो. धारेचं पाणी थांबलं. मग उलटं वाहू लागलं. मी वळून पाहिलं. आहेरच्या पाठीमागून पाण्याचा पातळ थर गाळावरून सरकत येत होता, माणूस भरभर चालेल तेवढ्या वेगाने.

"आहेर, निघ!"

त्याने पाय उचलून पाहिला. उचलला गेला नाही. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत रुतले होते.

आम्ही धावत जाऊन फावड्याने गाळ उपसला. उपसला तेवढा परत भरला. मी वायरलेस सेटवर बोललो.

"माणूस अडकलाय. बोट पाठवा. ओव्हर."

"बोटी रिहर्सलमध्ये आहेत. थांबा. ओव्हर."

"पाणी कमरेला आलंय. ओव्हर."

"साहेबांना विचारतो. आउट."

आहेर म्हणाला, "दादा, पाय हायेत का नाय तेच कळंना." मग तो बोलायचा थांबला. स्वतःचे पाय सतत हलवत मी त्याला काखांखाली हात घालून धरून ठेवलं होतं. बोट आली तेव्हा पाणी माझ्या छातीला होतं. आहेर माझ्यापेक्षा दोन फूट खाली होता.

चौकशीत मी हुकूम जसा होता तसा सांगितला. सार्जंटनेही सांगितलं. निष्कर्ष एका वाक्याचा निघाला: सेंट्रीने भरतीकडे लक्ष दिलं नाही. साहेबांना पुढे बढती मिळाली.

आहेरच्या गावात शाळेसमोर दगड आहे. त्यावर लढाईत गेलेल्या दोघांची नावं आहेत. आहेरचं नाही, कारण कागदावर तो अपघात आहे.

गेल्या महिन्यात त्याचे वडील नाशिकला माझ्या घरी आले. चहा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "गावात म्हणत्यात, पोरानं पाठ दाखवली. खरं सांगा. पाठ व्हती का?"

"होती, बाबा, समुद्राकडे. तोंड नदीकडे ठेवायचा हुकूम होता."

ते म्हणाले, "मंग हुकूम मानूनच गेला की. ते दगडावर का नाय लिहीत?"

दगड माझ्या हातात नाही, म्हणून इथे लिहितो. लान्स नाईक संजय आहेर, देवळा. सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या दिशेला तोंड करून उभा होता.