चप्पल प्रमुख आणि इतर नेमणुका

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी बहारीनमधला एकही मराठी माणूस पदाशिवाय राहू दिला नाही. इथे नव्याने आलेल्याला रेसिडेंट कार्ड आधी मिळतं की मंडळाचा बिल्ला, अशी शर्यत असायची, आणि बहुतेक वेळा बिल्ला जिंकायचा. नेमणूक करायची अध्यक्षांनी, मंजुरी द्यायची खजिनदाराने, हा नियमही त्यांचाच. खजिनदार मी. सलमानिया हॉस्पिटलात नर्स, माहेर-सासर दोन्ही वसईचं, आणि हिशेबात इतकी कच्ची की माझीच नेमणूक कशी झाली हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

अध्यक्ष हूरा भागात आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचे. तरी नेमणुकीची गोष्ट तोंडाने बोलतील तर शपथ. शुक्रवारी संध्याकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून जिना उतरायचे, बेल वाजवायचे, पाकीट माझ्या हातात द्यायचे आणि बसून चहा प्यायचे. पत्रात काय आहे विचारलं, तर "ते कार्यालयीन आहे, बाई. सावकाश वाचा," म्हणून माझ्या मुलाला शाळेचं विचारायचे. तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, हे मराठीत पुढचं विचारायचे, आणि दोघांचं झकास जमायचं. इकडे मी शिफ्ट संपवून आलेली, पाय सुजलेले, आणि हातात 'माननीय खजिनदारबाई, स.न.वि.वि.' मी खाली 'हरकत नाही' लिहून मोकळी व्हायचे. एका हॉटेलच्या लाँड्रीत त्यांचं आयुष्य सुपरवायझर म्हणूनच गेलं. "त्यांना कुणी बढती दिली नाही, म्हणून ते सगळ्यांना वाटत सुटलेत," असं माझा नवरा म्हणायचा.

एका होळीला पुरणपोळी कोणी करायची यावरून बुसैतीन भागात राहणाऱ्या दोन बायकांचं वाजलं. अध्यक्षांनी लगोलग एकीला पुरण प्रमुख केलं, दुसरीला पोळी प्रमुख. दोघींनी आपापलं खातं इतकं चोख सांभाळलं की पुरण एका पातेल्यात आलं आणि पोळ्या दुसऱ्या डब्यात. एकमेकींशी बोलायचं नाही म्हटल्यावर भरणार कोण? त्या वर्षी आम्ही पोळीचा तुकडा पुरणात बुडवून होळी साजरी केली. पुढच्या शुक्रवारी पाकीट हजर. 'दोन्ही खात्यांत समन्वय नसल्याचे आढळून आले. सबब आपल्या यजमानांस समन्वय प्रमुख नेमावे.' बिचारा नवरा, तेव्हापासून दोघींची बोलणी खातोय.

मग आला गुहागरकडचा एक ड्रायव्हर. गावी आई एकटी, हा इथे कुणाशी बोलेना. कार्यक्रमाला यायचा आणि दाराशी, चपलांजवळ बसायचा. 'सदर गृहस्थ दाराशीच बसतात, तरी दाराचीच जबाबदारी द्यावी,' असं पत्र आलं, आणि तो चप्पल प्रमुख झाला. मी पोट धरून हसले होते. पुढच्या कार्यक्रमाला हा भांग पाडून, बिल्ला लावून सगळ्यांच्या आधी हजर. "यल्ला, चला, चपला रांगेत," असं त्याने दरडावून म्हटलं, तेव्हा त्याला आवाज आहे हे आम्हाला कळलं. अध्यक्षांचं वेड काय आहे ते मला त्या दिवशी उमगलं.

आणि एका शुक्रवारी ते पाकिटाशिवाय आले. नोकरी संपली होती, त्यामुळे व्हिसाही खलास. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. दापोलीजवळच्या गावात घर होतं, पण तिथे ते पाहुण्यासारखेच जायचे. चहाचा कप तसाच धरून म्हणाले, "बाई, तिथे मी कोण? सकाळी उठून करायचं काय?" त्यांना काम न उरण्याची भीती वाटत होती, आणि मला समजूत घालता येईना.

शेवटी मी त्यांच्याच वाटेने गेले. विमानतळावर त्यांच्या हातात पाकीट दिलं आणि म्हटलं, "कार्यालयीन आहे. सावकाश वाचा." आत लिहिलं होतं: 'आम्हा सभासदांचे आईवडील गावी एकटे आहेत. त्यांची भेट घेऊन खुशाली कळवण्यासाठी आपणांस आईवडील प्रमुख नेमण्यात येत आहे.' सोबत बिल्ला होता.

पहिलं पत्र गुहागरहून आलं, चप्पल प्रमुखाच्या घरून. 'मातोश्रींची प्रकृती उत्तम. प्रेशरची गोळी विसरतात, म्हणून त्यांनाच गोळी प्रमुख नेमले आहे. माझा बिल्ला काढून त्यांना लावला. मंजुरी द्यावी.' ड्रायव्हरने ते पत्र माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून वाचलं आणि तिथूनच आईला फोन लावला. मी 'हरकत नाही' लिहिलं, आणि अध्यक्षांसाठी नवा बिल्ला पाठवला.

शुक्रवारी चहा मात्र माझ्याकडून अजून एक कप जास्तच टाकला जातो. तो आता ड्रायव्हर पितो.