मंठाळच्या माळावरची खरपुडी

जगाच्या पाठीवर फक्त हिंदुस्थानात उगवणारी एक वनस्पती मंठाळच्या माळावर होती आणि तिच्या रक्षणाची जबाबदारी निजामी सरकारने माझ्यावर टाकली होती. सरकार म्हणजे आमची शाळा तपासायला येणारे मोहतमिम साहेब. त्यांना झाडापाल्याचा नाद. मागच्या खेपेला काटेरी झुडपावर चढलेला तो वेल त्यांना दिसला, पण फुलं नव्हती. म्हणाले, “फुलावर आला की कळवा. मग तुमच्या बदलीचंही पाहू.”

मला आळंद हवं होतं. बायको तिथे माहेरी होती, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले.

श्रावणात कळ्या धरल्या. मी पत्र धाडलं आणि त्या दिवसापासून शिकवण्यात माझं चित्त राहीना. सकाळी माळावर, शाळा सुटली की पुन्हा माळावर. शेरडं तोंड घालतील म्हणून बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं. फूल बोटाच्या पेराएवढं, टोकाला जांभळं. त्यासाठी कोणी घोड्यावर बसून यावं असं मला त्यात काही दिसलं नाही. पण अडलो होतो मी.

साहेब आले. पुढे शिपाई, मागे पाटील, त्यामागे छत्री धरलेला कोतवाल. कुंपण शाबूत होतं. आत खड्डा होता.

पलीकडे एक धनगरीण मेंढरं चारत बसली होती.

“अक्का, इथला वेल कुणी काढला?”

“म्याच की. खरपुडी हाय ती.”

“काढलीस कामून?”

“खायला. एरवी झुडपात दिसती कुठं? तुमी कुंपण घातलाव म्हनून गावली.”

बाई काय म्हणते, असं साहेबांनी विचारलं. नमुना तिने सुरक्षित ठेवला आहे, असं मी उर्दूत सांगितलं. तिने पदराची गाठ सोडली. चार चपटे कंद निघाले. फुलं मेंढीने खाल्ली होती.

साहेबांनी एक कंद तळहातावर घेतला, त्याचं लांबलचक विलायती नाव उच्चारलं आणि तो उलटसुलट करून पाहिला. पाटलांनी पागोटं सावरून मान खाली घातली.

“बगायलाव काय नुसतं, सायब? सोलून खावा की.”

हे मात्र मी जसंच्या तसं उर्दूत सांगितलं. साहेबांनी चाकू मागवला. तीन खाल्ले. बदलीचं विचारलं तेव्हा तोंडात घास होता, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

हुकूम आला त्या वेळी माझी मुलगी आळंदच्या अंगणात चालायला लागली होती.