डालग्यातली कोकरं

आमचा ओढा वर्षातून बहुतेक दिवस कोरडाच. पाऊस वर डोंगरात पडतो, खाली आमच्या अंगावर ऊन असतं, आणि तेवढ्यात पाणी येऊन आदळतं. म्हणून बापजाद्यांपासून नेम आहे: पावसाळ्यात मेंढ्या खडकाळ माळावर बसवायच्या, पोळा झाला की खाली ओढ्याच्या वाळूत उतरायचं. पोळ्यानंतर पाण्याचा जोर मोडतो. मी शाळेत दोन यत्ता गेलो, पण हे मला कुणी शिकवावं लागलं न्हाई.

गेल्या साली बायको म्हणाली, "अवो, खडकावर कोकरांचे गुडघे सोलले. उतरू की आता."

आम्ही उतरलो. शेजारचा शेतकरी बांधावरून ओरडला, "मामा, पाऊस आता पोळा बघून थांबत न्हाई!"

"मग तुझा मोबाईल बघून थांबतो का रं?" मी म्हणालो. बायको लई हसली.

चार दिवस बरे गेले. एका दुपारी मेंढ्या घेऊन मी ओढ्यापलीकडं होतो, बायको खाली वाळूत कोकरांपाशी. नुकती जन्मलेली कोकरं चरायला येत न्हाईत. ती बांबूच्या डालग्याखाली झाकायची आणि कुत्र्यानं उलथू नये म्हणून वर धोंडा ठेवायचा. वर डोंगर काळा झाला. मेंढ्यांनी कान टवकारले, मागून घरघर आली. मी बोंबललो. बायकोनं एका डालग्यावरचा धोंडा ढकलला, कोकरं पदरात घेऊन काठावर टाकली आणि दुसऱ्यासाठी परत फिरली.

"सोड ते! तुझ्या पाया पडतो, वर ये!"

पाणी आलं. तिच्या हाताला बाभळीची मुळी लागली म्हणून ती राहिली. डालगं गेलं.

पाणी ओसरल्यावर मेंढ्या त्याच जागी धावल्या. कास भरलेली, ओरडून ओरडून घसा बसलेला. कास दगड होऊ नये म्हणून बायको एकेकीला धरून पिळत बसली. भांडं घेतलं न्हाई. दूध वाळूत जात होतं.

"मीच उतरू म्हणले," ती म्हणाली.

"नेम आमच्या घरचा हाय. तुझं काय त्यात?"

तिनं पुढची मेंढी ओढली आणि पिळू लागली.

आता दिवाळीपर्यंत आम्ही माळावरच राहतो. पण पहिलटकरीण मेंढी कोकराला जवळ घेत नसली की ते तिच्या कासेला लावून देणं हे बायकोच्या हातचं काम. माझ्याजवळ मेंढी उभी राहत न्हाई. मी हाक मारतो, "अगं, ये की जरा. पिल्लू उपाशी हाय."

ती चूल फुंकत राहते. चूल तर कधीच पेटलेली असते.